दहा बांगडे आणि एक डोळा

आमच्या वाडीत अजून सात-आठ जण तरी असे आहेत, की दारात कोण आलं ते त्यांना आवाजावरून ओळखावं लागतं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यांना ते वाचता येणार नाही हे मला कळतं, तेव्हा घरच्यांनी वाचून दाखवावं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. अक्षर वाकडं आहे, पण झालं ते सरळ लिहिलं आहे.

तोंडवली

मी मासे विकते. नवरा होता तोवर तो आणायचा आणि मी विकायची. आता बर्फाच्या गाडीवरून घेते आणि पाटी घेऊन तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे बसते. दोन वर्षांपासून उजव्या डोळ्यापुढे कोणीतरी पेज ओतल्यासारखं दिसत होतं. डावा त्याहून थोडा बरा, इतकंच.

मासेवालीला डोळा कशाला लागतो ते आधी सांगते. ताजा मासा अंगठ्याने दाबला की परत वर येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण बर्फातला मासा चार दिवसांचा असला तरी कडकच लागतो, तिथे अंगठा फसतो. खरं कळतं ते गालफाड उचलून आतले कल्ले बघितल्यावर. कल्ले लालभडक असले तर मासा ताजा, विटकरी असले तर कालचा, मातकट झाले की तो मांजराचा. मला दोन वर्षं सगळेच कल्ले एका रंगाचे दिसत होते. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

माझी सून सुलभा रोज म्हणायची, "आई, तुमी आता घराकडे बसा. पाटी मी घेतंय." मला वाटायचं, हिला माझी तिठ्यावरची जागा हवी आहे. सकाळी पाटी निघायच्या आधी ती माशांवर पाणी मारायला म्हणून परसात घेऊन जायची. तेवढी लुडबूड मी चालवून घेत होते. पाटी सोडायची नाही, हे मात्र नक्की होतं. पाटी गेली की म्हातारीला घरात फक्त भांडी आणि टीव्ही उरतो. आमचं मांजर त्या दोन वर्षांत दुप्पट झालं, हे मात्र त्या अंधुक डोळ्यालाही दिसत होतं.

मग एका ट्रस्टवाल्यांनी आमच्या शाळेत डोळे तपासायचं शिबीर लावलं. डॉक्टरीण तरुण. तिने बॅटरी मारली आणि म्हणाली, "आजी, मोतीबिंदू पिकलाय. सावंतवाडीला या. ऑपरेशन फुकट, गाडी फुकट, जेवण फुकट."

एवढं फुकट ऐकून मला बरं वाटलं नाही. तिठ्यावर जो फुकट देतो त्याच्या मालाला वास असतो. आणि आम्हा मासेवाल्यांच्या घरून कोणी रिकाम्या हाताने जात नाही. सुलभा त्या दिवशी माहेरी गेली होती, म्हणून मी एकटीनेच दहा बांगडे निवडले, चांगले जाड बघून, आणि त्यांच्या गाडीत नेऊन ठेवले. डॉक्टरीण नको नको म्हणत होती. मी म्हटलं, "घेतल्याशिवाय माझं नाव लिहू नका."

दोन दिवसांनी त्यांचं शिबीर खाडीपलीकडच्या गावात होतं. तिथली म्हातारी माणसं सकाळपासून देवळात बसून राहिली आणि हे आलेच नाहीत. मी पाटी घेऊन नेमकी तिथे गेलेली. मी दारोदार सांगितलं, "फुकटची माणसा ती. आमच्या वाडीत नावा लिवन घेतली, फोटो काढल्यानी, गेली." लोकांना पटलं. माझं बोलणं मोठ्याने असतं, त्यामुळे लवकर पटतं.

पण मला मात्र फोन आला, यादीत माझं नाव पहिलं. मी सुलभेला म्हटलं, "बघ, बांगड्यांचो गुण."

गाडीत

ट्रस्टचा नियम असा, की प्रत्येक पेशंटबरोबर एक धडधाकट माणूस पाहिजे. सुलभेला पोरांची शाळा, मुलगा ट्रॉलरवर. माझी धाकटी जाऊ चंद्रा, तिचाही डावा डोळा यादीत होता आणि तिच्याकडेही माणूस नव्हतं. आमचं फारसं पटत नाही. एका माडाच्या हद्दीवरून आम्ही बारा वर्षं भांडलो आणि शेवटी तो माडच वादळात पडला. पण अडचण मोठी होती. म्हणून मी चंद्राचं धडधाकट माणूस झाले आणि चंद्रा माझं.

चंद्राने जाण्याआधी देवाला कौल लावला. देवाने उजवा दिला, म्हणजे जा, पण तो दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला डावा दिला होता, हे तिने गाडी सुटल्यावर सांगितलं.

"मगे आता सांगतंस कित्याक?" मी विचारलं.

"आधी सांगलंय आसतंय तर तू येवक नसतंस," ती म्हणाली. "माका सोबतीक माणूस खंय होता?"

गाडी एका शाळेची होती. सीट पोरांच्या मापाच्या, आम्ही सगळे गुडघे हनुवटीला लावून बसलो. ट्रस्टची मुलगी रुचा, कोल्हापूरकडची, सगळ्यांना आजी-आजोबा करत बिस्किटं वाटत होती. खाडीपलीकडच्या गावात गाडी थांबली. यादीत तिथली सात नावं होती, ती त्यांनी नंतर वेगळं येऊन लिहून घेतली होती; तोंडावर कोणी नाही म्हटलं नव्हतं. रस्त्यावर एक कुत्रा सोडून कोणी नव्हतं. रुचाने फोन लावले. कोणी उचलला नाही, कोणी उचलून ठेवला. एका म्हाताऱ्याने सांगितलं, "आमका सगळा म्हायत आसा तुमचा."

रुचाने ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली. सात सीट रिकाम्या राहिल्या. मी चंद्राला कोपराने ढोसलं आणि म्हटलं, "माका खरा म्हायत होता." पाय पसरायला जागा झाली याचा मला आनंदच झाला होता. हे मुद्दाम लिहिते आहे.

सावंतवाडी, पहिला दिवस

सावंतवाडीत तलाव आहे, राजवाडा आहे असं सगळे सांगत होते. मला एक मोठं पांढरं दिसलं, मी हात जोडले, तर ते हॉस्पिटल निघालं.

फाटकाशी बोर्ड होता. मला तो धुक्यातल्या होडीसारखा दिसला. रुचाला म्हटलं, वाच.

"चपला बाहेर काढाव्यात. थुंकू नये. एका रुग्णाबरोबर एकच माणूस," तिने वाचलं.

"खाली आणखी एक ओळ आहे ना?"

"ती आपल्यासाठी नाही, आजी," असं म्हणून ती भराभरा आत गेली.

आत नर्सने कागद पुढे घेतला. "तुमच्यासोबत कोण?"

"ही," मी म्हटलं.

"आणि यांच्यासोबत?"

"ही," चंद्रा म्हणाली.

नर्सने पेन खाली ठेवलं. "म्हणजे सोबतीचं माणूस कुठाय?"

"दोघी मिळून एक होतो," मी सांगितलं. "तिचा उजवा चालतो, माझा डावा. लागले तर पाय चार आहेत."

तिने मोठ्या नर्सला बोलावलं, मोठीने रुचाला. शेवटी रुचा म्हणाली, मीच या दोघींची नात. असा कागद पुरा झाला.

जेवायला भात, डाळ आणि दुधी. संध्याकाळी भात, डाळ आणि तोच दुधी, पण पातळ. माझ्या जन्मात दोन जेवणं माशाच्या वासाशिवाय झाली नव्हती. मी जोराने बोलले, "हय मासो शिवत नायत वाटता. मोठे सोवळ्याचे." वॉर्डातल्या किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी हुंकार भरला.

दुसरा दिवस

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही, पण भिणाऱ्यांसाठी सांगते. डोळ्यात थेंब घालतात, कपाळावर चिकटपट्टी लावतात म्हणजे चुकीचा डोळा उघडत नाहीत. मग बधिर करतात. आपण जागे असतो. वर उजेड असतो आणि त्यात पाणी हलल्यासारखं दिसतं. दुखत नाही. रापणीचं मोठं जाळं दोराने किनाऱ्यावर ओढायला जेवढा वेळ लागतो त्याच्या अर्ध्यात संपतं.

ते झाल्यावर मला उजव्या डोळ्याला पट्टी, चंद्राला डाव्या. मोरीकडे जाताना आम्ही हात धरून निघालो. मी उजवीकडून, ती डावीकडून. दारात माझा उजवा खांदा आपटला आणि तिचा डावा. "दार बारीक आसा," चंद्रा म्हणाली. येताना परत तेच. समोरच्या खाटेवरचे एक गुरुजी बरेच दिवस हसले नसावेत, ते म्हणाले, "अहो, जागा बदला. पट्ट्या आत घ्या, उघडे डोळे बाहेर." आम्ही बदलली. मग राणीसारख्या गेलो आणि आलो.

दुपारी चंद्राने पिशवीतून डबा काढला. आत सुकट. बारा वर्षांत तिने केलेलं पहिलं शहाणपणाचं काम. झाकण नुसतं सैल केलं तर तीन खाटांवरची माणसं उठून बसली. डोळे बांधलेले, पण नाकं मोकळी. तेवढ्यात दारात स्वयंपाकीण येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता डबा जातो.

"कोणाकडे आसा ता?" तिने हळू विचारलं. "हय नको. मागल्या पडवीत या. मी भाजतंय."

तिचं नाव अनसूया. आंबोलीची, साठीची. घाटावर पावसात राहिलेली, हात लाकडासारखे. तिने सुकट तव्यावर भाजली, वर कांदा आणि खोबरं चुरलं, आणि आम्ही तिघी मागच्या पायरीवर बसून भाताशी खाल्ली. दोन वर्षांपूर्वी तिचे दोन्ही डोळे इथेच झाले. तेव्हापासून दर शिबिराला ती पंधरा दिवस येऊन रांधते.

"पगार किती देतत?" मी विचारलं.

"पगार कसलो गो. माझ्याकडे देवक काय आसा? हात आसत." ती बोटं चाटत म्हणाली. "हय सगळा असाच आसा. तांदूळ एका शेतकऱ्याचो. नारळ दुसऱ्याचे. गाडी शाळेची, सुट्टीच्या दिसाक देतत. डोळ्यात घालतत ती भिंगा मुंबयच्या कोणा बाईची, तिका कोणी बघूक पण नाय."

मला हे कुठेतरी टोचलं. मी बांगडे देऊन फिटंफाट केली असं धरून बसले होते. मी म्हटलं, "सगळा बरा. पण मासो कित्याक नाय? तुमचो ट्रस्ट सोवळ्याचो?"

"कसला सोवळा," अनसूया म्हणाली. "आधी कोणी मासो आणून दिल्यान तर कालवण व्हायचा. आता बंद. गेल्या खेपेक किनाऱ्यावरच्या खंयच्या तरी शिबिरात एका म्हातारेन बांगडे दिल्यान. दहा. डॉक्टरणीन खाल्ल्यान, ड्रायव्हरान खाल्ल्यान, ह्या रुचान तर दोन खाल्ल्यान. तासाभरात सगळ्यांची तोंडा मिरची चोळल्यासारखी लाल. अंगाक खाज, ओकाऱ्यो. दोन दीस सगळी आडवी. पुढचा शिबीर रद्द झाला, थयली माणसा देवळात वाट बघीत बसली. तेवा ह्यांची इतकी बदनामी केली कोणी, काय विचारू नको."

चंद्राचा उजवा डोळा उघडा होता. तो सगळाच्या सगळा माझ्याकडे वळला.

"कसली गो ती म्हातारी?" चंद्राने गोड आवाजात विचारलं.

"आंधळी असतली. नायतर असो मासो कोण देता?"

मी पाणी मागितलं.

वॉर्डात आल्यावर मी भिंतीकडे तोंड करून आडवी झाले. चंद्रा शेजारच्या खाटेवर. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "वयनी, दहाच होते मा गो?"

"गप रव."

"मी गपच आसंय. मी कोणाक काय सांगूचंय नाय." मग म्हणाली, "तो माड माझ्याच हद्दीत होतो, इतक्याच म्हण."

"म्हणतंय," मी म्हटलं. बारा वर्षांचा खटला असा संपला.

पण मला झोप येईना ती माडामुळे नाही. मी तिठ्यावरची गिऱ्हाइकं एकेक आठवायला लागले. मास्तरणीने मागे एकदा मासा परत आणला होता, तिला मी सांगितलं होतं, तुझा मसाला जुना आहे. मग रिकाम्या सात सीट आठवल्या. पट्टी सुटली आणि डोळा आलाच नाही, तर उद्या मीच पाटी सुलभेच्या डोक्यावर ठेवायची, असं ठरवून टाकलं. इतकं ठरवायला मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला बांगडाच फेकून मारला असता.

तिसरा दिवस

सकाळी डॉक्टरणीने पट्टी काढली. आधी नुसता उजेड. मग तिचं नाक, मग नाकावरची पुटकुळी. इतकी लहान पुटकुळी मी दोन वर्षांत बघितली नव्हती.

"बोटं किती, आजी?"

"बोटं राहू दे," मी म्हटलं. "त्या दहा बांगड्यांची म्हातारी मी."

तिने बोटं खाली घेतली. "मला माहीत आहे. यादीत तुमचं नाव मीच पहिलं लिहिलं. लिहिताना अंगावरचं पित्त अजून गेलं नव्हतं, एका हाताने खाजवत लिहिलं."

"मग पहिलं कशाला लिहिलं?"

"तुमच्यापेक्षा पिकलेले डोळे या वॉर्डात चार आहेत," ती म्हणाली. "पण ते चौघे मासे विकत नाहीत."

मी म्हटलं, "दोन बोटं." तिने दाखवली होती ती दोनच होती.

निघताना फाटकाशी बोर्ड होता. आता तो लख्ख दिसत होता. मी उभी राहून एकेक अक्षर लावत वाचला. दोन वर्षांनी वाचलेली पहिली गोष्ट म्हणजे ती शेवटची ओळ. मासे भेट देऊ नयेत. पाठीमागून रुचा म्हणाली, "आजी, तो तुमच्यासाठी नव्हता हो."

"माझ्यासाठीच होता," मी म्हटलं. "अक्षर मोठं काढलंय ते बरं केलं."

राजवाडाही बघितला. चांगला आहे. हॉस्पिटलाएवढा पांढरा नाही.

परतताना काळे चष्मे लावून आम्ही सगळे बसलो होतो, पोरांच्या सीटवर. खाडीपलीकडच्या गावाशी मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. रुचा म्हणाली, आजी, ऊन आहे, धूळ आहे. मी उतरले. चंद्राही उतरली, माझ्या उजव्या अंगाला, नियमाने. ज्या दारांवर मी बोलले होते त्याच दारांवर गेले आणि तेवढ्याच मोठ्याने सांगितलं, "डॉक्टर इलो नाय तो माझ्यामुळे. माझे बांगडे खाऊन आडवी पडली होती ती माणसा."

एक म्हातारा, दोन्ही डोळे दुधासारखे, ओटीवर बसलेला. तो म्हणाला, "तूच मा ती, फुकटची माणसा म्हणणारी?"

"मीच."

"आणि आता आम्ही तुझ्यार कित्याक विश्वास ठेवचो?"

मी म्हटलं, "ठेव नको. तुझ्या लेंग्याची नाडी उलटी बांधलेली आसा. माका ती चार दिसांआधी दिसूक नसती."

त्याने चाचपून बघितली. उलटीच होती.

घरी

महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, दिवसातून चार वेळा थेंब. पाटी अर्थात सुलभेकडे गेली. पहिल्याच सकाळी ती पाणी मारायला म्हणून परसात गेली आणि मी चष्मा लावून मागून गेले. ती पाणी मारत नव्हती. एकेका माशाचं गालफाड उचलून बघत होती आणि मातकट निघेल तो बाजूला टाकत होती. मांजर पंगतीला बसल्यासारखं बसलं होतं.

"किती दिसांपासून चल्ला ह्या?" मी विचारलं.

ती दचकली. "दोन वर्सा झाली, आई. तुमका वायट वाटात म्हणान..."

"आणि शिबिराच्या दिसाक तू माहेरी."

"हो," ती म्हणाली. तिला सगळं कळलेलं होतं. चंद्रा कोणाला काही सांगणार नव्हती, त्यामुळे आदल्या संध्याकाळीच ते पूर्ण वाडीत पोचलं होतं.

मी सुलभेला चांगलं काही बोलले नाही. मला ते येत नाही. मी तिच्या हातातला बांगडा घेतला, गालफाड उचललं. आतला लाल रंग बघितला. किती लाल असतो तो. मग तिने बाजूला टाकलेला एक उचलला आणि म्हटलं, "ह्यो कालचो. विकू नको, पण मांजराक घालण्यासारखो नाय. खारव."

आता महिना झाल्यावर आम्ही दोघी बसतो. ती तराजूला, मी गालफाडांना. मांजर वाळलं आहे आणि माझ्याशी बोलत नाही.

तपासणीला परत सावंतवाडीला गेले तेव्हा गाडी भरलेली होती. खाडीपलीकडचे सातपैकी पाच आले, त्यात तो नाडीवाला. नाडी सुलट बांधून आला होता. माझ्या मांडीवर बर्फाचा डबा. त्याने विचारलं, "काय आसा त्यात?"

"दहा बांगडे."

तो दोन सीट मागे जाऊन बसला.

फाटकाशी वॉचमनने डब्याकडे बघितलं आणि हाताने बोर्ड दाखवला. मी म्हटलं, "वाचूक माका येता. डॉक्टरणीक हाक मार." ती बाहेर आली. डबा बघून तिने आधी बोर्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग पायरीवर उकिडवी बसली, पहिला बांगडा उचलला, अंगठ्याने गालफाड वर केलं आणि आत बघितलं. मग दुसरा. मग तिसरा. दहाच्या दहा बघितले. खाडीपलीकडचे पाच जण माना लांब करून उभे. मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही दहाच्या दहा बघितले असते.

"कोणी शिकवलं हे?" मी विचारलं.

"तुम्हीच," ती म्हणाली, आणि डबा अनसूयेकडे पाठवून दिला.

त्या दिवशी वॉर्डात दुधी नव्हता. बोर्ड मात्र अजून तिथेच आहे, शेवटच्या ओळीसकट. तुम्ही जाल तेव्हा बघा. परतताना दिसेल. आणि बांगडे न्यायचेच असले, तर गाडीत बसण्याआधी तिठ्यावर मला दाखवून न्या.